गळायचे विसरलेले धान

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या मालगुजारी तलावाच्या काठाला, जिथे पाणी गुडघ्याएवढे उरते आणि कमळाची पाने संपतात, तिथे एक गवत उभे असते. लांबून पाहणाऱ्याला ते धानच वाटते. पाते तसेच, लोंबी तशीच, फक्त दाण्याला लांबलचक कुसळ. लोक त्याला देवधान म्हणतात. कोणी पेरत नाही, कोणी रोवत नाही, म्हणून ते देवाचे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे न खाणाऱ्या बायकांना असे न नांगरता आलेले धान्य चालते. पण ते गोळा करणे जिकिरीचे. पिकलेला दाणा लोंबीला धरून राहतच नाही. वारा आला, बदक हलले, हात लागला की टपकन पाण्यात. त्यात एका लोंबीतले दाणेही एकदम पिकत नाहीत. वरचे गळून गेलेले असतात तेव्हा खालचे हिरवेच असतात.

काठापासून पन्नास पावलांवर बांधी सुरू होते. तिथले धान कापा, दोन दिवस कडपा पडू द्या, भारे बांधा, डोक्यावरून खळ्यावर न्या, दाणा लोंबीतच. तो सुटावा म्हणून झोडपावे लागते, नाहीतर यंत्रात घालावे लागते. देवधान आणि बांधीतले धान, दोघे एकाच घराण्यातले. एकाचा दाणा धरून ठेवता येत नाही, दुसऱ्याचा सोडवता येत नाही. हा फरक कुठून आला, ही भंडाऱ्याच्या ताटातल्या भाताची कुळकथा. तिच्या मुळाशी नकलून घेताना झालेल्या चुका आहेत.

धानाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या बारा जोड्या असतात. जोडीतले एक आईकडचे, एक बापाकडचे. धानात हे आई-बाप बहुधा एकाच फुलात नांदतात. त्याची गोष्ट पुढे येईल. या बारा गुणसूत्रांवर मिळून सुमारे 39 कोटी अक्षरांचा मजकूर लिहिलेला आहे आणि ती अक्षरे चारच प्रकारची आहेत. जपानच्या पुढाकाराने दहा देशांतल्या शास्त्रज्ञांनी तो सगळा वाचून 2005 मध्ये प्रसिद्ध केला. अकरावे गुणसूत्र वाचण्यात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा आणि दिल्ली विद्यापीठाचा वाटा होता. या मजकुरातला एकेक अर्थपूर्ण उतारा म्हणजे जनुक. हा शब्द, म्हणजे त्याचा मूळ इंग्रजी अवतार, डेन्मार्कच्या योहान्सन यांनी 1909 मध्ये रूढ केला. मेंडेलने वाटाण्यावरचे प्रयोग छापले त्याला तेव्हा त्रेचाळीस वर्षे होऊन गेली होती.

पेशी दुभंगते तेव्हा या सगळ्या मजकुराची नक्कल होते. ज्यांनी जुने हस्तलिखित सातबारे पाहिले आहेत त्यांना नक्कल म्हणजे काय हे सांगायला नको. ‘रामाजी’चा ‘रामजी’ होतो, पुढची प्रत त्या चुकलेल्या प्रतीवरून निघते आणि नातवाला तहसिलीत जाऊन आपला आजा तोच हे सिद्ध करावे लागते. पेशीतला नकलनवीस तलाठ्यापेक्षा कितीतरी पटींनी काटेकोर आहे. चुकले तर तो बहुतेक वेळा मागे येऊन दुरुस्त करतो. तरीही एका पिढीत एका रोपात काही मोजकी अक्षरे चुकीची उतरून जातातच. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट रोजची आहे. एका एकरात वीस बाय पंधरा सेंटीमीटरवर रोवणी केली तर एक लाख तीस हजारांहून जास्त चूड लागतात. म्हणजे एका एकराच्या बांधीत दर हंगामाला काही लाख नव्या चुका उभ्या असतात. त्यातल्या बहुतेक कुणाच्या अध्यात ना मध्यात. काही रोपाला मारक. क्वचित एखादी माणसाच्या डोळ्यात भरते.

न गळण्याची चूक अशीच आहे. लोंबीच्या देठाशी, जिथे दाणा चिकटतो, तिथे देवधानात पेशींचा एक पातळ थर तयार होतो. दाणा पिकला की तो थर सुटतो आणि दाणा पडतो. हा थर नीट बांधायला सांगणाऱ्या एका जनुकात एक अक्षर बदलले आणि थर अर्धवट राहू लागला. 2006 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते अक्षर शोधून काढले. न गळण्यामागे आणखीही जनुके आहेत, पण या एकाचा वाटा मोठा आहे.

रानात अशा रोपाचे काय झाले असते? दाणा पडला नाही, मातीत गेला नाही, वंश बुडाला. निसर्गाच्या हिशेबात ते रोप वाया गेलेले. पण काही हजार वर्षांपूर्वी कोणीतरी, बहुधा एखाद्या बाईने, टोपली घेऊन रानातले धान गोळा करायला सुरुवात केली होती. तिच्या टोपलीत कोणते दाणे जास्त येणार? जे गळून गेले ते नव्हेत, जे लोंबीला धरून राहिले तेच. त्यातले थोडे तिने पुढल्या वर्षी पेरले. तिने निवड केली असे तिला ठाऊकही नसेल. वर्षानुवर्षे हेच होत गेले आणि स्वतःचे बी स्वतः पेरू न शकणारे, माणसाच्या हातावाचून जगू न शकणारे एक गवत तयार झाले. त्याला आपण पीक म्हणतो.

पांढऱ्या भाताचेही तसेच. देवधान सोलून पाहा, आतला दाणा लालसर निघतो. तो रंग बनवणाऱ्या जनुकातून चौदा अक्षरे गळाली आणि दाणा पांढरा झाला. नवल असे की जगातल्या बहुतेक सगळ्या पांढऱ्या तांदळात नेमकी तीच चौदा अक्षरे गळालेली आहेत. म्हणजे ही चूक प्रत्येक देशात वेगळी झाली नाही. ती पूर्व आशियातल्या धानात कधीतरी एकदा झाली आणि मग संकरामधून, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, एका देशातून दुसऱ्या देशात पसरत गेली. तुमसरच्या गिरणीतून निघणारा पांढरा दाणा आणि चिनी हॉटेलातला पांढरा भात यांचे गोत्र त्या चौदा अक्षरांपुरते एकच आहे.

वासाची कथा तर याहून मजेची. भंडाऱ्याचा चिनोर ज्याच्या घरी शिजतो त्याच्या शेजाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. दाणा आखूड, भात मऊ आणि वास असा की वरण साधे असले तरी चालते. या चिनोरला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सीमेपलीकडच्या बालाघाटच्या चिन्नोरलाही 2021 मध्ये ते मिळाले. कोणाचा चिनोर खरा, हा वाद दोन्हीकडच्या लोकांनी खुशाल घालावा. धानाला राज्यसीमा कळत नाहीत आणि 1956 पर्यंत भंडारा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते.

सुगंध म्हणजे धानाने मिळवलेली काही जास्तीची गोष्ट असणार, असे कोणालाही वाटेल. बासमती आणि थायलंडच्या जास्मिन तांदळाचे जनुक तपासल्यावर उलटेच निघाले. आठव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. ते एक द्रव्य वापरून संपवते. त्या जनुकातून आठ अक्षरे गळाली, ते निकामी झाले, द्रव्य न संपता साठू लागले आणि त्यापासून तो वास तयार झाला. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी हे 2005 मध्ये दाखवले. आपल्याकडे साध्या तांदळाला वास यावा म्हणून हौशी घरांत जे बासमतीचे पान भातात घालतात, त्यातही हेच सुवासिक द्रव्य असते. जगातल्या सुवासिक तांदळांत हे जनुक निकामी होण्याच्या आणखीही तऱ्हा सापडल्या आहेत. कुठे हे अक्षर गेले, कुठे ते, पण शेवट एकच: बंद पडलेले जनुक आणि घमघमणारे घर.

निकामी जनुक म्हटले की वारसा कसा चालतो हे समजायला सोपे जाते. समजा, चिनोरचा एखाद्या ठेंगण्या, बिनवासाच्या वाणाशी संकर केला. होणाऱ्या रोपाला एक निकामी जनुक आले आणि एक चालू. चालू असलेले एकटेच ते द्रव्य संपवून टाकते, म्हणून रोपाच्या पानाला वास नाही. चिनोरचा गुण बुडाला, असे वाटावे. पण तो फक्त दडलेला असतो. याच रोपाच्या लोंबीत जे दाणे भरतात, त्यातल्या साधारण चौथ्या दाण्याला दोन्हीकडून निकामी प्रत मिळते आणि तो दाणा वासाचा निघतो. एकाच लोंबीत तीन साधे, एक सुगंधी. वाटाण्यात मेंडेलला दिसलेले तीनास एक हे प्रमाण धानात चावून पाहता येते, आणि शास्त्रज्ञांनी एकेक दाणा चावून ते खरोखर पाहिले आहे. 1978 मध्ये सूद आणि सिद्दीक या भारतीय शास्त्रज्ञांनी दातांचे हे काम वाचवले: पानाचे तुकडे कॉस्टिक पोटॅशच्या पातळ द्रावणात थोडा वेळ ठेवायचे आणि नाकाला लावायचे. त्यामुळे दाणा भरण्याची वाट न पाहता रोपाची परीक्षा होऊ लागली.

वरच्या उदाहरणातला ठेंगणा बाप उगाच आणलेला नाही. जुने धान उंच वाढते. खत जास्त दिले की आणखी वाढते आणि दिवाळीच्या आधीच्या पावसात आडवे होते. तैवानमधल्या एका स्थानिक धानात उंची वाढवणाऱ्या जनुकाचा 383 अक्षरांचा तुकडाच गळालेला होता. त्या ठेंगण्या धानाचा इंडोनेशियाच्या उंच वाणाशी संकर करून फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 मध्ये ‘आयआर-8’ काढले आणि आशियाची कोठारे भरली. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेले वाण असोत की आंध्रातून आलेले 1010, आजच्या बांधीतल्या कमरेएवढ्या धानात हा ठेंगणेपणाचा वारसा जागोजागी आहे. चिनोर मात्र उंचच राहिला. म्हणून त्याचा उतारा कमी आणि भाव जास्त.

आता फुलातल्या त्या आई-बापाकडे. धानाचे फूल सकाळी उशिरा उघडते आणि तास-दोन तासांत मिटते. तेवढ्यात त्याच फुलातला पराग त्याच फुलात पडून जातो. शेजारच्या रोपाचा पराग यायला फुरसतच मिळत नाही. शंभरात एखादा दाणा परका निघाला तर निघाला. पण हा एखादा काय करू शकतो, याचा धडा मध्य प्रांताने शंभरएक वर्षांपूर्वी घेतला.

त्या काळी भंडारा मध्य प्रांतात होता. छत्तीसगडाकडे आवत्या धानात, म्हणजे फेकून पेरलेल्या धानात, रानधान माजत असे. तिकडे त्याला करगा म्हणतात. लहान असताना तो धानाहून ओळखू येत नाही आणि ओळखू येईपर्यंत गळून मोकळा झालेला असतो. रायपूरच्या कृषी शास्त्रज्ञांनी एक नामी तोड काढली. जांभळ्या पानांचे धान तयार करायचे आणि तेच पेरायचे. मग शेतात हिरवे दिसेल ते उपटायचे, जांभळे ठेवायचे. लहान मुलालाही जमेल असे काम. बी. बी. दवे यांनी 1943 मध्ये मध्य प्रांतातल्या या रानधानाच्या प्रश्नावर सविस्तर लेख लिहिला आहे. पहिले काही हंगाम युक्ती चालली. मग करगाच जांभळा निघू लागला. शंभरातल्या त्या एखाद्या परक्या परागातून जांभळ्या पानाचे जनुक करग्यात शिरले होते आणि पुढचे काम निंदणाऱ्या हातांनी केले. हिरवा करगा उपटला गेला, जांभळा सुटला, त्याचेच बी पडले. शेतकऱ्याने तण निवडता निवडता तणाची नवी जात घडवली. भंडाऱ्याकडे रोवणीची चाल असल्याने हा त्रास कमी. चिखलणीत रानधानाचे कोंब गाडले जातात आणि रांगेबाहेर उगवलेले रोप लगेच डोळ्यांवर येते.

रोवणीच्या धानातही वेगळे रोप निघतेच. बाकी सगळे एका उंचीचे आणि मधेच एक लोंबी वर डोकावते, नाहीतर आठ दिवस आधी पिवळी पडते. बी-उत्पादनाच्या भाषेत ती भेसळ. उपटून टाकायची. अशा रोपाचे मूळ तीनपैकी एक असते: नकलेतली नवी चूक, चुकून आलेला परका पराग किंवा गोणीत मिसळलेला दुसरा दाणा. उभ्या रोपाकडे पाहून त्यातले कोणते ते कळत नाही.

पवनी-लाखांदूरच्या दक्षिणेला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथल्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये आपल्या शेतात अशा तीन लोंब्या दिसल्या. शेतात ‘पटेल-3’ होते. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. जे. पी. पटेल यांनी काढलेला हा वाण त्या भागात चांगला रुळलेला होता. या तीन लोंब्या पिवळसर, दाणा बारीक. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. पण दादाजींनी त्या भेसळ म्हणून फेकल्या नाहीत. वेगळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, त्यातून पुन्हा तशाच लोंब्या निवडल्या, पुन्हा लावल्या.

याला वर्षामागून वर्ष का लागावे? इथे धानाचे ते मिटलेले फूल कामी येते. वेगळ्या रोपात जनुकांच्या काही जोड्या दुभंगलेल्या असतात, एक प्रत अशी आणि एक तशी. ते रोप स्वतःच्याच परागाने फळते तेव्हा पुढच्या पिढीत अशा दुभंगलेल्या जोड्या निम्म्यावर येतात. मग पाव, मग अष्टमांश. सहाव्या पिढीला चौसष्टावा हिस्सा उरतो. तोवर पेरले ते उगवते, लोंबी लोंबीसारखी येते आणि वाण स्थिर झाला असे म्हणता येते. हे गणित मेंडेलच्या लेखात आहे. दादाजींनी तो लेख पाहिलेला नव्हता. त्यांच्याकडे दर साल कोणती लोंबी ठेवायची आणि कोणती नाही एवढे ठरवणारी नजर होती आणि वाट पाहण्याची चिकाटी होती.

नव्वदच्या सुमारास हे धान तळोधीच्या बाजारात आले. नाव काहीच नव्हते. त्या दिवसांत मनगटावर एचएमटीचे घड्याळ असणे ही ऐट होती, लग्नात जावयाला तेच मिळे. व्यापाऱ्याने धानालाही तेच नाव देऊन टाकले. पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने याच धानावर काम करून ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित केले आणि श्रेय कोणाचे याचा वाद अनेक वर्षे गाजला. शुद्धीकरण हे काम आहेच, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण शुद्ध करायला आधी काहीतरी वेगळे सापडावे लागते आणि ते कोणाच्या बांधीत सापडले याबद्दल शंका नाही. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार दादाजींना 2005 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. 2010 मध्ये फोर्ब्स मासिकाने त्यांचे नाव छापले. एचएमटीनंतरही त्यांनी आणखी वाण निवडले. त्यातल्या एकाला त्यांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरे दिली: डीआरके. 3 जून 2018 रोजी ते गेले.

आपोआप होणाऱ्या चुकीची वाट पाहायची नसेल तर चूक घडवताही येते. अमेरिकेत मुलर यांनी 1927 मध्ये फळमाशीवर क्ष-किरण टाकून उत्परिवर्तने वाढवून दाखवली होती. मुंबईला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियांवर गॅमा किरण सोडून हेच काम अनेक दशके चालू आहे. तिथले भुईमूग महाराष्ट्राला ठाऊक आहेतच. रायपूरच्या कृषी विद्यापीठाबरोबर त्यांनी छत्तीसगडच्या दुबराज या सुगंधी धानावर काम केले. दुबराज चिनोरसारखाच उंच आणि उशिरा येणारा. किरणांनी लाखो रोपांत लाखो चुका केल्या. त्यातून वास टिकलेले, उंची घटलेले आणि लवकर येणारे रोप शोधणे हे पुन्हा डोळ्यांचेच काम होते. तो वाण आता ‘ट्रॉम्बे छत्तीसगड दुबराज म्युटंट-1’ या भल्यामोठ्या नावाने प्रसारित झाला आहे. तळोधीचा एखादा व्यापारी तिथे हवा होता.

बांधीतल्या धानाने हजारो वर्षांत बरेच काही गाळले: गळणे, रंग, कुसळ, उंची. त्याबरोबर काही कामाच्या गोष्टीही गेल्या. 1970 च्या सुमारास आशियात धानावर खुरटा रोग आला. तुडतुड्यांनी पसरणाऱ्या या रोगाला तोंड देणारे जनुक शोधण्यासाठी फिलिपिन्सच्या संस्थेने सहा हजारांवर नमुने तपासले. लागवडीच्या एकाही वाणात ते सापडले नाही. सापडले एकाच नमुन्यात, उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या रानधानात, म्हणजे देवधानाच्याच भावकीत. गुरदेव खुश यांनी ते संकरातून ‘आयआर-36’ मध्ये आणले आणि 1976 नंतर हा वाण आशियाभर लाखो हेक्टरांवर पेरला गेला.

भंडारा जिल्ह्यात सध्या मालगुजारी तलावांचा गाळ काढला जातो, बेशरम काढली जाते, मासेमारीसाठी काठ साफ केला जातो. ही कामे हवीतच. तलावाचा काठ साफ करणाऱ्या ग्रामपंचायतीला आणि मच्छीमार संस्थेला एवढेच सांगणे की यंत्र लावण्याआधी उथळ पाण्यातले देवधान कुठे उभे आहे ते गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावे आणि तेवढा कोपरा सोडावा.